पहिल्या वेलांटीचा पाणि

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. लीग सोडतेस तर सोड. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. माणसाला कशाचाही कंटाळा येतो, आणि इतकी वर्षं आमच्यासारख्यांशी हुज्जत घालत तू टिकलीस हेच पुष्कळ. आता सामने बघण्यात मन लागत नाही, असं तू म्हणालीस. म्हणालीस असं लिहितो, कारण निरोप तू बोलून पाठवला होतास. पूर्वी तू चार शब्दांचा निरोपही पूर्णविरामासकट लिहायचीस. असो. रविवारी नव्या हंगामाची निवड आहे आणि त्याआधी नियम पक्के व्हायला हवेत. लीग सोडून जाणाऱ्यालाही पुढच्या हंगामाच्या नियमांवर हरकत घेता येते, हे कलम आपल्या नियमावलीत तूच घातलं होतंस, बेकरीवाला रुसून निघाला होता तेव्हा. त्याच कलमाला धरून हे पत्र. आधी सगळं ऐकून घे, हरकती घे, मग खुशाल जा.

दुकानात आत्ता कोणी नाही. दुपारचं ऊन काचेतून आत येऊन मांडणीवरच्या काट्यांवर पसरलंय, आणि इतकी सगळी पारडी एकदम चकाकताना बघितली की आपण पाण्याच्या तळाशी बसलोय असं वाटतं. समोर मासेवालीचा काटा आहे, खाऱ्या पाण्याने गंजलेला. त्याच्या शेजारी औषधवाल्याचा, काचेच्या पेटीतला. आणि खाली, पांढऱ्या फडक्यावर, प्रसूतिगृहातून आलेला बाळांचा काटा. त्याचं पारडं होडीसारखं खोलगट आहे. पंखा चालू असला की त्या रिकाम्या होडीत काहीतरी हळूच येऊन बसतं आणि उठून जातं. आकडा हलतो, शून्यावर येतो, पुन्हा हलतो. नर्सबाई म्हणाल्या, बिघडलाय. मी म्हटलं, बिघडला नाही, त्याची झोप सावध आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की काटा राहू दे, आधी याला कुणीतरी तपासा. दुरुस्त करायचं म्हणजे मला त्याला थोडं बहिरं करायचंय, आणि हात धजत नाही. म्हणून आज काम बाजूला ठेवून तुला लिहायला बसलो.

कुणाला सांगितलं तर पटणार नाही की हे सगळं तुझ्या छापखान्यातून सुरू झालं. ई-स्पोर्ट्सची कुठली तरी मोठी स्पर्धा होती, तिच्या नियमांची पुस्तिका छपाईला आली आणि मुद्रितं तुझ्या टेबलावर आली. तू ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता नियमच वाचत बसलीस, आणि मागच्या पानावरचा एक नियम पुढच्या पानावरच्या नियमाला खोटं पाडतो हे आयोजकांना कळवलंस. त्यांचं आभाराचं पत्र आलं, त्यातही चुका होत्या. त्या संध्याकाळी मला फोन करून म्हणालीस, अरे गुंज्या, मुलं खुर्चीत बसून नुसत्या बोटांनी लढतात, आणि हजारो माणसं श्वास रोखून बघतात, आणि या वेडाला नियम आहेत, आणि ते नियम मला आता त्यांच्यापेक्षा जास्त कळतात. तू बघच. मी बघितलं. माझी दुपार गेली, मग संध्याकाळ गेली, आणि मग तुझी-माझी फॅन्टसी लीग झाली. बेकरीवाला आणि वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर नंतर आले.

आमच्या हिला मी तेव्हा नीट समजावून सांगितलं होतं. खरे संघ खरे सामने खेळतात. आपण त्या सगळ्या संघांतून आपल्या पसंतीचे पाच खेळाडू वेचून आपला एक संघ करायचा, नुसता कागदावरचा. हंगामभर त्या पाचांनी प्रत्यक्षात जे काय केलं, त्याचे गुण आपण ठरवलेल्या नियमांनी आपल्याला. ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे खेळणार ते, घाम त्यांचा, आणि छाती फुगणार तुमची. मी म्हटलं, हो, पण नियम माझे. ती म्हणाली, तरीच.

खेळ तुला नव्याने सांगायला नको, पण मला तो लिहायला आवडतो. धुक्यातलं एक बेट. त्याच्या दोन टोकांना दोन दीपगृहं. इकडचे पाच, तिकडचे पाच, आणि समोरच्यांचा दिवा विझवला की जिंकलं. मधे ओलं जंगल, लाकडी पूल, गुडघाभर पाण्याचे नाले. बहुतेक खेळाडू लढवय्ये असतात. पण प्रत्येक संघात एक वैद्य असतो. तो कुणालाच बाद करत नाही. आपल्या जखमी माणसापर्यंत पोचतो, हात टेकवतो, आणि एक बारीकशी घंटी वाजते. लढवय्याने एकाला बाद केलं की समालोचक किंचाळतात. वैद्याच्या घंटीवर कुणी किंचाळत नाही. पहिल्या हंगामात मी बाद करण्याला पाच गुण आणि घंटीला एक गुण ठेवला होता, तेव्हा तू किती वेळ फोन सोडला नाहीस आठव. तुझं म्हणणं असं, की जे काम नीट झालं की दिसतच नाही, ते हलकं समजायचं हे बघणाऱ्याचं दुखणं आहे, त्यात कामाचा काय दोष? मुद्रितशोधकाचं कामही असंच असतं, हे तू बोलली नाहीस, पण मी काही इतका ठोंब्या नाही. घंटीचे गुण वाढले. तेव्हापासून दर हंगामात तुझ्या संघात वैद्यच वैद्य. डॉक्टर म्हणायचे, ताईंचा संघ आहे की दवाखाना.

खेळाडूंची नावं मी मराठीत आणली ते तुला आठवत असेल. ते सगळे टोपणनावांनी खेळतात, आणि ती नावं कुठल्या कुठल्या भाषांतली. ज्या नावाचा अर्थ कळत नाही त्याच्यापुढे मी आकडा मांडत नाही. म्हणून शब्दकोश घेऊन बसलो आणि एकेकाला घरचं करून घेतलं. सावली. उशीर. गोगलगाय. तिसरा जिना. एक लढवय्या होता, त्याचं नाव पाणी. आणि एक वैद्य होता, त्याच्या नावाचा अर्थ तळहात. सरळ तळहात लिहिलं असतं तर तो मी कसला? मी शब्दकोशात खोल बुडी मारली आणि वर आलो तो पाणि घेऊन. पाणि म्हणजे हात, वेलांटी पहिली. तू तक्ता वाचलास आणि म्हणालीस की हा शब्द एकटा लिहायचा तर नियमाने शेवटी दुसरीच वेलांटी हवी, पहिली फक्त समासात. पण विशेषनाम म्हणून, आणि माझा पडलेला आवाज ऐकून, तू ती चालवून घेतलीस. वर बजावलंस, गुंज्या, या दोन माणसांच्या मधे आता एका वेलांटीची भिंत आहे, ती सांभाळ. शुद्धलेखनात तू आयुष्यात कुणाला दिलेली ती एकमेव सूट असावी. मी ती वर्षानुवर्षं मिरवली.

कारण तुझी सूट म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. शाळा माझी लवकर सुटली, वडिलांना दुकानात हात हवा होता. तू छापखान्यातून रद्दीची मुद्रितं घरी आणायचीस, लाल खुणांनी भरलेली, आणि मी त्यांच्यावर वाचायला शिकलो. बाकीची मुलं बरोबर छापलेलं वाचून शिकतात. मी चूक आणि तिच्या शेजारची दुरुस्ती असं जोडीने शिकलो. कित्येक वर्षं मला वाटायचं की प्रत्येक पानाला लाल कडा असतेच, जशी प्रत्येक खिडकीला चौकट असते. पुढे मी जे शिकलो, आधी साधे काटे, मग विजेवरचे, परक्या भाषेतली त्यांची जाडजूड माहितीपत्रकं, ते माझं मी शिकलो, आणि तसं सांगण्याची एकही संधी मी सोडत नाही, हे तू जाणतेस. पण अक्षर तुझं. सोनाराच्या काट्यावरच्या गुंजेएवढा होतो म्हणून गुंज्या हे नावही तुझं. आणि तू लग्न होऊन दूर गेलीस तरी माझी पत्रं तुझ्याकडे जायची आणि लाल होऊन परत यायची. पोस्टमन विचारायचा, तुमचीच पत्रं तुम्हालाच कशी येतात हो? मी म्हणायचो, रंगवायला देतो.

आता गेल्या हंगामाचं बोलतो. गेल्या हंगामापासून तू निवड बोलून पाठवू लागलीस. आवाज निवांत होता. चार नावं सांगितलीस आणि शेवटी म्हणालीस, आणि पाणी. मी ऐकलं तसं लिहिलं, दुसरी वेलांटी. क्षणभर थांबलो, कारण पाणी नावाचा तो लढवय्या तेव्हा दुखरं मनगट धरून घरी बसला होता, आणि तू लढवय्ये घेत नाहीस. पण मग वाटलं, तुला पाणि हवा असता तर पहिल्या वेलांटीचा असं तू ठणकावून सांगितलं असतंस. दुसऱ्या कुणाला मी उलट विचारलं असतं. तुला विचारणं म्हणजे प्रमाण वजनाला विचारायचं की बाबा तू भरतोस का? पक्का तक्ता सगळ्यांना पाठवला. हरकतींची मुदत गेली, तुझी हरकत आली नाही. म्हणजे तुझ्या डोळ्यांखालून गेलं, म्हणजे बरोबर.

मग अंतिम सामना. पाणि त्या दिवशी जसा खेळला तसा वैद्य मी पाहिलेला नाही. पुलावर त्याचा अख्खा संघ आडवा झाला होता, धुकं इतकं की पडद्यावर नुसता राखाडी कापूस, आणि त्या कापसात एक घंटी वाजली. मग जरा पुढे दुसरी. मग आणखी पलीकडे. कुणीतरी अंधारात घरभर फिरून एकेका खोलीत दिवा लावत जावं तशी. आणि ती माणसं उठली. सामना संपताच तुझा फोन आला. तू शाळेतल्या मुलीसारखी हसत होतीस. म्हणालीस, सांग रे माझे गुण. मी तक्ता उघडला आणि म्हटलं, ताई, तुझ्याकडे पाणी आहे, दुसऱ्या वेलांटीचा. तो खेळलाच नाही. शून्य.

तू म्हणालीस, "बरं."

वाद नाही, कलम नाही. छापील अक्षरातली माशी पकडणारी बाई, आणि तिच्या स्वतःच्या नावापुढे चुकीची वेलांटी मुदतभर बसून होती, आणि तिने ती उडवली नाही. मी फोन ठेवला. हंगाम मी जिंकलो होतो. जिंकलेला माणूस जसा बसतो तसा बसायला गेलो आणि बसता येईना.

तेव्हापासून मी नियमच करतोय. यंदा ते मुळापासून बदलले आहेत. पहिला बदल, तक्ता बंद. माझा तो तक्ता, ज्याच्या उभ्या रेघा केसाएवढ्या बारीक असायच्या आणि ज्यावर मी कुणाला चहाचा कप ठेवू दिला नाही, तो बंद. निवड सगळ्यांनी फोनवर, एकमेकांच्या कानांदेखत करायची. दुसरा बदल, सारख्या उच्चाराची दोन नावं लीगमध्ये चालणार नाहीत. पाणी पाण्याच्या जागी राहील. पाणि गेला. ज्याच्यासाठी मी शब्दकोशाचा तळ गाठला होता, तो मी माझ्या हाताने काढला, आणि त्याच्या जागी बसल्या बसल्या सुचलेला साधा शब्द ठेवला. ओंजळ. हरकत असेल तर सांग. मला वाटतं नसेल.

तिसरा बदल खरा. गुण फक्त ऐकू येईल त्याला. पडद्यावर जे आकडे नाचतात, कुणी किती बाद केले, कुणाजवळ किती ताकद उरली, ते सगळं मोडीत. घंटी ऐकू आली, गुण. लाकडी पुलावर पाऊल वाजलं आणि ते कुणाचं हे समालोचकाच्या आधी ओळखून सांगितलं, गुण. दिवा विझताना जो सुस्कारा टाकतो तो आणणाऱ्याला मोठे गुण. आणि सर्वांत मोठे गुण शांततेचे. तुला ठाऊक आहे, समालोचक दोघं आहेत, एक तो बडबड्या आणि दुसरी ती घोगऱ्या आवाजाची बाई. दोघंही एकदम बोलायचे थांबतात असा क्षण एखाद्याच सामन्यात येतो. ज्या खेळाडूमुळे ती दोघं गप्प झाली, त्याला ते गुण. डॉक्टरांनी लगेच विचारलं, शांतता मोजणार कशी? मी त्यांना या बाळांच्या काट्यासमोर उभं केलं. म्हटलं, पारडं रिकामं आहे, आकडा बघा. याला रिकामंही कळतं, म्हणून याला बाळ कळतं. ते म्हणाले, हे शास्त्र आहे की तुमचं नेहमीचं? मी म्हटलं, दोन्ही.

कागदावर नियम कसाही गोंडस दिसतो. वजन टाकल्याशिवाय काटा खरा की खोटा कळत नाही. म्हणून मागच्या रविवारी दुकान बंद करून आम्ही तिघं आत बसलो, डोळ्यांवर फडकी बांधली आणि सामना लावला. मधेच आमची ही डबा घेऊन आली. तीन बाप्ये डोळे बांधून, माना वर करून, रांगेत बसलेले. तिने शांतपणे विचारलं, चोर येऊन गेले की यायचेत? कुणी हललं नाही, कारण नेमकी तेव्हा पुलावर पावलं वाजत होती.

ताई, ते बेट मी इतकी वर्षं पाहत होतो आणि ते मला कधी दिसलंच नव्हतं. पडद्यावर ते हातभर आहे. कानात त्याला कडा नाही. डावीकडे दूर कुठेतरी पाणी ठिबकत होतं, इतकं दूर की ते आपल्या मोरीतलं असावं. उजवीकडे कुणीतरी धुक्यातून चालत होतं, त्याचं पाऊल आधी चिखलात, मग फळीवर, मग पुन्हा चिखलात. मधेच घंटी वाजली आणि मला तो वैद्य माझ्या पाठीमागे, मांडणीजवळ, काट्यांच्या मधोमध उभा आहे असं वाटलं. मी झोपलो नव्हतो. जागाही नव्हतो म्हण. सगळी पारडी एका लयीत हलतायत आणि त्यांत पाळीपाळीने कुणीतरी येऊन बसतंय, उठतंय, असं काहीसं. फडकं सोडलं तेव्हा ऊन खोटं वाटलं. त्या दिवशी बेकरीवाला पहिला आला. तो म्हणे पाव भाजला की नाही हे बुडाला टिचकी मारून ऐकतो. डॉक्टर मधे. मी शेवटचा. आकड्यांचा टेकू काढून घेतला तर मला काही म्हणजे काही कळत नाही, हे त्या दिवशी उघड झालं आणि डॉक्टरांनी ते जिन्यात सगळ्यांना सांगितलं.

शेवटचा येऊन बसलो असताना मला ती भिंत आठवली. आपल्या मधल्या खोलीची, पोपडे आलेली. पलीकडच्यांचा रेडिओ. दुपारी आई झोपली की तू पेला भिंतीला लावायचीस आणि पेल्याला कान. मॅच कसली असायची देव जाणे, शब्द एकही कळायचा नाही, नुसता आवाज चढायचा आणि उतरायचा, भिंतीत कुणी माणूस स्वप्नात बोलत असावा तसा. आणि तू आईचा बटणांचा डबा उघडून नियम सांगायचीस. आवाज चढला की एक बटण. लोक ओरडले की दोन. आणि आवाज अचानक बंद झाला, तर ते मोठं, कोटाचं, शिंपल्याचं बटण. मी विचारायचो, बंद झाला तर का? तू म्हणायचीस, अरे वेड्या, तेव्हाच तर काहीतरी झालं. मी डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत बसायचो, पोपड्यांत मला माणसं दिसायची. तू डोळे मिटायचीस. जिंकायचीस नेहमी तूच. तेव्हा हे यंदाचे नियम माझे आहेत असं मी लीगमध्ये छातीठोकपणे सांगितलं असलं, तरी ते कुठून आले ते तू ओळखलं असशीलच.

आता उरलेलं सांगतो. माझी पत्रं लाल होऊन यायची थांबली, मग नुसती यायचीच थांबली, तेव्हा मला काय वाटलं असेल? वाटलं, मी शुद्ध झालो. हिला म्हटलं, बघ, शेवटी ताईला एकही चूक सापडेना. ही म्हणाली, तुमचं सुधारलंय असं समजू नका, त्यांची चौकशी करा. मी तिच्यावर चिडलो. पण मन खात राहिलं, म्हणून पुढच्या पत्रात मी जाणूनबुजून आशीर्वाद लिहिताना शी पहिली काढली. पत्र परत आलं नाही. फोनवर तू म्हणालीस, छान होतं पत्र. मग विचारलंस, दुकानाची पाटी अजून निळीच का रे? पाटी हिरवी केल्याचं मी त्याच पत्रात लिहिलं होतं. पत्रातलं बाकी सगळं तुला पाठ होतं, मासेवालीचं भांडणसुद्धा. फक्त पाटीचं नाही. पाटीचं मी कंसात लिहिलं होतं. आणि कंसातलं न वाचणारा माणूस मला जगात एकच ठाऊक आहे. तो वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो, बातमी आणि जाहिरात एकाच सुरात, आणि कंस आला की डबकं असावं तसा त्यावरून उडी मारून पलीकडे जातो.

या पत्रात एकही कंस नाही, ताई.

भावोजी, नमस्कार. थांबू नका. ती आता हात पुढे करून पत्र मागेल, देऊ नका. घेऊन तरी ती काय करणार, हे आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. खुर्ची जरा तिच्या जवळ घ्या, आणि इथून पुढे हळू वाचा, जाहिरातीच्या सुरात नको.

ताई, डोळ्यांचं काय झालं, कधीपासून, डॉक्टर काय म्हणतात, ते तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. ते विचारायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. तुला सवलत द्यायलाही नाही. सवलत दिली तर तू मला उभा चिरशील, आणि नियम तर आम्ही तिघांनी डोळे बांधून तोलून घेतलेत. मी लिहिलं ते एवढ्यासाठी, की रविवारी चार वाजता फोन वाजेल, तो उचल. पहिली निवड तुझी आहे. ती काही माझी मेहेरबानी नाही, गेल्या हंगामात तू शेवटची आलीस आणि शेवटच्याला पहिली निवड मिळते, हेही कलम तुझंच. ओंजळ अजून मोकळा आहे. बेकरीवाल्याचा त्याच्यावर डोळा आहे. कान आहे, असं तो म्हणतो हल्ली. आणि एक राहिलं. या पत्रात मी एक चूक ठेवली आहे. ती वेलांटीची नाही, उकाराची नाही, कागद उजेडात धरला तरी कुणाला दिसणार नाही. भावोजींना अगदी सुरुवात पुन्हा वाचायला सांग. लीग सोडतेस तर सोड, याच्या पुढचं वाक्य. ते नीट ऐक. मग लाल पेन्सिल घे, भावोजी तुझा हात त्या ओळीवर नेऊन ठेवतील, आणि ते वाक्य खोडून पत्र मला परत पाठव.

लाल कडेची वाट बघणारा,
तुझाच,
गुंज्या